उपवासाची बिअर

आधीच सांगून ठेवते, मी बिअर पीत नाही. आयुष्यात एकदाच प्यायले, तीही संकष्टीच्या दिवशी, भर दुपारी, एका मठात. ही गोष्ट कुणीतरी मंडळात अर्धवट सांगितली आणि तेव्हापासून हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्या हातचं पन्हं घेताना गालातल्या गालात हसतात. म्हणून एकदा पूर्ण सांगून टाकते. मग काय हसायचं ते हसा.

आमचे हे, म्हणजे पद्माकर, सेम्बावांगच्या एका शिपयार्डात इंजिनिअर होते. सत्त्याऐंशी साली आम्ही सिंगापूरला आलो, आमची क्षिप्रा तेव्हा तीन वर्षांची होती. बिशानला आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि तिथेच रुजलो. ह्यांना सगळं चालायचं, घर लहान चालायचं, उकाडा चालायचा, साहेब खडूस चालायचा. एक गोष्ट चालायची नाही, ती म्हणजे माझी आमटी. लिफ्टमधून पाऊल बाहेर टाकलं की कॉरिडॉरमधूनच आवाज यायचा, "आज फोडणी पुढे गेली वाटतं!" जेवायला बसले की पहिल्या घासाला नाक वर व्हायचं. गूळ जास्त झाला, चिंच जुनी आहे, हिंग कमी पडला. हिंगाचं तर विचारूच नका. चिमटीभर कमी घातला तरी ह्यांना कळायचं. सत्तावीस वर्षं मी त्या नाकाशी भांडले. "एवढं आहे ना, तर स्वतः करा," म्हणून ताट आपटलंय मी. आपटलंय म्हणजे काय, हळूच, पण आवाज येईल असं.

ह्यांच्या शिपयार्डात जहाजांच्या इंजिनांच्या कामासाठी दरवर्षी एक जर्मन यायचा, वर्नर नावाचा. दोघांची गट्टी जमली ती खाण्यावरून. दुपारी हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, बसून तो ह्यांना आपल्या गावाकडच्या गोष्टी सांगायचा. बर्फाचे डोंगर, पायथ्याशी गावं, भिंतींवर चित्रं काढलेली घरं आणि डोंगरावर मठ. त्या मठांतले संन्यासी म्हणे स्वतः बिअर करतात आणि येईल त्याला जेवू घालतात.

"मठात बिअर?" मी म्हटलं. "मठात लोक प्रसाद घेतात हो."

"त्यांचा तोच प्रसाद," हे म्हणाले.

तेव्हापासून ह्यांनी एक निळी वही केली. वर्नरला विचारून विचारून तिच्यात गावांची नावं लिहिली, कुठली बस, कुठला मठ, तिथे काय खायचं, काय प्यायचं. प्रत्येक पानावर उजवीकडे एक रकाना आखला होता. वर लिहिलं होतं, 'कशी लागली?' आणि खाली सगळं कोरं. निवृत्त झालो की जायचं आणि तो रकाना भरायचा, हे ठरलेलं. एका पानावर लाल शाईने लिहिलं होतं, 'उपवासाची बिअर. फक्त मार्चमध्ये मिळते.' ते वाचून मी दोन दिवस बोलले नव्हते. म्हटलं, चेष्टा करायला दुसरं काही मिळालं नाही का ह्या माणसाला?

आमच्याकडे बिअरला नियम होते. फ्रिजमध्ये सगळ्यात खालचा कप्पा. गुरुवारी नाही, चतुर्थीला नाही. ह्यांनी ते कधी मोडले नाहीत. फक्त दर वेळी ग्लास भरला की विचारायचे, "एक घोट घेऊन बघ गं, संजू." आणि मी म्हणायचे, "शी!" आमचा तो ठरलेला कार्यक्रमच होता.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये हे पडले. पाऊस होऊन गेला होता, आमच्या ब्लॉकच्या खालची फरशी ओली होती, पाय सरकला आणि मागच्या मागे डोकं आपटलं. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. स्कॅन बरा आला, टाकेसुद्धा पडले नाहीत, मी सुटकेचा निःश्वास सोडला. घरी आल्यावर मऊ वरणभात केला, वर तूप, लिंबू. हे ताटाकडे बघत बसले.

"तूप घातलंस ना?"

"दिसत नाही का? ओघळतंय की!"

"दिसतंय," हे म्हणाले. "वास येत नाहीये."

मला वाटलं सर्दी असेल. सर्दी नव्हती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डोकं मागे आपटलं की कधीकधी नाकाच्या वरच्या नाजूक तंतूंना धक्का बसतो. जिभेला फक्त गोड, खारट, आंबट, कडू असं मोजकंच कळतं, बाकी सगळी चव नाकाची. परत येऊ शकते. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. "आणि वर्षाने नाही आली तर?" मी विचारलं. "तर फार आशा धरू नका," डॉक्टर म्हणाले. चांगली बाई होती ती, उगाच गोड बोलली नाही.

जूनमध्ये एकदा घाईत मी आमटी केली. पहिल्या घासालाच माझ्या लक्षात आलं की हिंगही राहिला आणि गोडा मसालाही राहिला. नुसतं चिंचगुळाचं पाणी झालं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे शांतपणे भात कालवत होते.

"छान झालीये आमटी," हे म्हणाले.

मी उठले, स्वयंपाकघरात गेले, फ्रिजचं दार उघडलं आणि त्याच्या आड उभी राहून रडले. सत्तावीस वर्षांत ह्या माणसाने माझ्या आमटीला सरळ 'छान' म्हटलं नव्हतं. आता म्हणत होता, माझं मन राखायला. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि नवस बोलले. जसं मनात आलं तसंच बोलले. म्हटलं, बाप्पा, ह्यांना पुन्हा माझ्या आमटीला नावं ठेवू दे. तोवर संकष्टी कडक करीन, चंद्रोदयापर्यंत पाणी आणि दूध, साबुदाण्याचा दाणासुद्धा तोंडात घालणार नाही. नवस पुरा झाला की एकवीस मोदक.

पण नुसत्या देवावर सोडून स्वस्थ बसणाऱ्यातली मी नव्हे. जुलैमध्ये ड्युरियनचा मोसम आला. मला त्या फळाचा इतका तिटकारा की त्याचं दुकान दिसलं की मी रस्ता ओलांडते. पण म्हटलं, ज्या वासाने मेलेला उठून बसेल त्या वासाने ह्यांचं नाक का उठणार नाही? एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ड्युरियन नेता येत नाही, म्हणून नाकाला रुमाल बांधून भर उन्हात चालत घरी आणलं. हे सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांच्या मागे, हातभर अंतरावर, मी ते फळ उघडून ठेवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हे पान उलटून पुढची बातमी वाचायला लागले.

तेवढ्यात क्षिप्रा ऑफिसातून आली, दारातच किंचाळली, "आई! व्हाय यू बाय धिस वन? होल कॉरिडॉर कॅन स्मेल लाह!"

ह्यांनी वळून बघितलं. आधी फळ दिसलं, मग माझा रुमाल, मग माझं तोंड. सगळं समजलं त्यांना. उठून आले, एक गर काढला, खाल्ला.

"गोड आहे," म्हणाले. "छान आहे."

त्या दिवसापासून मला 'छान' ह्या शब्दाचा राग यायला लागला.

डिसेंबरात हे निवृत्त झाले. घरी बसून अजूनच बारीक व्हायला लागले. जेवण म्हणजे औषध घ्यावं तसं. वर्नरचं पत्र आलं, मार्चमध्ये येताय ना म्हणून, तर ह्यांनी निळी वही कपाटात ठेवून दिली. "रद्द करू या," म्हणाले. "इतक्या लांब जाऊन पुठ्ठा खायचा? पुठ्ठा इथेही मिळतो."

मी कपाटातून वही काढून टेबलावर ठेवली. "डोंगर काय नाकाने बघायचे असतात? जायचं म्हणजे जायचं."

खरं कारण वेगळं होतं. एप्रिलमध्ये वर्ष पुरं होणार होतं. माझ्या मनाने घेतलं होतं की येणार असेल तर तिथेच येईल, त्या डोंगरांत, ज्या चवीची ह्यांनी पंधरा वर्षं वाट बघितली तिच्यासमोर. वेडेपणा होता, पण माझा होता. क्षिप्राने तिकिटं काढली. मैत्रिणीकडून, स्मिताकडून, दोन जाड कोट आणले. ते घालून आम्ही आरशासमोर उभे राहिलो, तर गादीच्या दोन गुंडाळ्या दिसत होत्या.

म्युनिकला उतरलो आणि तिथून छोट्या गाडीने मिटेनवाल्डला गेलो. खोटं कशाला बोलू, मी थक्क झाले. घरांच्या भिंतींवर साधुसंत रंगवलेले, छपरांवर हातभर बर्फ, आणि गल्लीच्या शेवटी एकदम डोंगर उभा. वर्नर आदल्या महिन्यात नातवंडांकडे हॅम्बुर्गला गेला होता, गुडघ्यामुळे त्याला येता आलं नाही, पण वही होती. वहीप्रमाणे आम्ही निघालो. मी शाकाहारी, मला वाटलं होतं उपाशी मरणार. पण तिथे गव्हाच्या जाड शेवया मिळतात, वर चीज आणि तळलेला कांदा, एक बशी खाल्ली की संध्याकाळपर्यंत बघायला नको. आणि मुळा! चक्क पांढरा मुळा, गोल गोल कापून, मीठ लावून बिअरबरोबर देतात. मी म्हटलं, अहो, हे लोक तर आपल्यातलेच.

हे हसले नाहीत. डुकराच्या मांसाचा तो प्रसिद्ध भाजलेला तुकडा ह्यांच्यासमोर आला, त्याच्या वासाने शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत होती. ह्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं, मग पेला संपवला, मग वही काढून काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही. रोज असंच. एक गाव, एक खानावळ, एक पेला, वही.

सहाव्या दिवशी हे आंघोळीला गेले तेव्हा मी वही उघडली. 'कशी लागली?' छान. 'कशी लागली?' छान. छान. छान. ठीक. हा माणूस इंजिनाच्या आवाजात तिळाएवढा फरक पडला तर दोन पानं अहवाल लिहायचा. त्याच अक्षरात, तितक्याच नीट, पाच वेळा काहीच नाही लिहिलं होतं. माझा संताप झाला. वही होती तिथे ठेवली.

दुसऱ्या दिवशी मठ होता, लाल शाईचा. आणि दुसऱ्या दिवशीच संकष्टी होती. मुंबईचा चंद्रोदय दिनदर्शिकेत छापलेला असतो, सिंगापूरचा मी देवळातल्या गुरुजींकडून लिहून घेते, जर्मनीचा कोण देणार? मी म्हटलं, चंद्र दिसेल तेव्हा दिसेल. गुरुजींची चिठ्ठी आपली सवयीने पर्समध्ये होती. सकाळी पेलाभर दूध प्यायले आणि निघाले.

त्या मठाचं नाव मला आजही धड घेता येत नाही. बसने डोंगर चढून गेलो. वर देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, कांद्यासारख्या घुमटाचं, आणि त्याला लागूनच मोठी थोरली जेवणघराची खोली. लाकडी बाकं, अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, भिंतीवर क्रूस. वाढणारी बाई माझ्याच वयाची. दोन हातांत मिळून आठ मग घेऊन येत होती. मी मनात तिला नमस्कार केला, मला दोन ताटं नेताना तारांबळ होते.

तिने एक मग ह्यांच्यासमोर ठेवला, एक माझ्यासमोर. काळपट तांबूस, वर बोटभर फेस.

"नो, नो," मी मग सरकवला. "आय अ‍ॅम फास्टिंग."

तिचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. "फास्टिंग? यू आर फास्टिंग?" आणि तिने मग परत माझ्याकडे सरकवला. "धिस इज फॉर फास्टिंग!"

मग तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवास असतो. जुन्या काळी मठातल्या संन्याशांना तेव्हा पोटभर खाता यायचं नाही, पण पातळ पदार्थाने उपवास मोडत नाही असा म्हणे त्यांचा नियम. म्हणून ते ही दाट बिअर करायचे. पातळ भाकरीच ती, ती म्हणाली.

हे हसायला लागले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा असे हसले, खांदे हलवून. "बघ! मी खोटं लिहिलं होतं का? उपवासाला चालते!"

"कशाची करतात?" मी विचारलं.

"बार्लीची."

"म्हणजे सातू. सातू धान्य आहे. उपवासाला धान्य चालत नाही. राजगिऱ्याची असती तर गोष्ट वेगळी होती."

ह्यांनी ते जसंच्या तसं त्या बाईला इंग्रजीत सांगितलं. तिने गंभीरपणे विचार केला आणि म्हणाली, राजगिऱ्याची आमच्याकडे होत नाही, सॉरी. आणि गेली दुसऱ्या टेबलाकडे.

ह्यांनी मग उचलला. मी पर्स घट्ट धरली. ह्यांनी एक लांब घोट घेतला, डोळे मिटले. मी मनात म्हणत होते, आता, बाप्पा, आता. ह्यांनी डोळे उघडले. खिशातून पेन काढलं, वही उघडली, आणि लिहायला लागले, 'छा'.

मी त्यांचं मनगट धरलं.

"आता जर 'छान' लिहिलंत ना, तर ही वही खिडकीतून बर्फात फेकून देईन."

"मग काय लिहू?" हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण फाटला होता. "थोडी गोड आहे. थोडी कडू आहे. त्यापलीकडे काही नाहीये, संजू. नुसती भिंत आहे. पंधरा वर्षं वाट बघितली हिची, आणि भिंत आहे." मग म्हणाले, "त्या दिवशी आमटीत काहीतरी चुकलं होतं ना? तू आत जाऊन रडून आलीस. काय चुकलं होतं ते मला अजून माहीत नाही."

"हिंग राहिला होता."

"नुसता हिंग?"

"गोडा मसालापण."

"बाप रे!" हे म्हणाले.

मी समोरच्या मगाकडे बघितलं. एवढा मोठा, एका हाताने उचलेना, म्हणून दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, बाप्पा, घटकाभर डोळे मिटून घे. आणि प्यायले.

"संजू!"

"लिहा," मी म्हटलं. "आधी कडू लागत नाहीये. आधी भाकरी. तव्यावर विसरलेली, कडेने काळी पडलेली. तिचा पापुद्रा."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग पेन उचललं.

मी आणखी एक घोट घेतला. "मग काकवी."

"ताजी की जुनी?"

"जुनी. बरणीच्या तळाची, चमच्याला चिकटते तशी. त्याच्या मागून सातूचं पीठ. आजोळी डबा उघडल्यावर यायचा तो वास. थांबा, घाई करू नका, मला परत बघू दे. हां. आणि गिळल्यावर कडू येतं. कारल्याचं नाही. ज्येष्ठमध चघळल्यावर शेवटी जसं होतं तसं, कडू आणि गोड एकत्र."

"फेस?"

"फेसाला चव नाही. फेस नुसता मिशीला."

"तुला मिशी आली," हे म्हणाले, आणि बोटाने माझ्या ओठावरचा फेस पुसला. चारचौघांत. मी लाजले की काय माहीत नाही, तोंड गरम झालं होतं खरं.

मग ह्यांनी आपला मग उचलला, डोळे मिटले. "परत सांग. सावकाश."

मी परत सांगितलं. भाकरीची कड. काकवी. सातू. मी शब्द उच्चारला की हे घोट घ्यायचे आणि तोंडात धरून ठेवायचे.

"भाकरीची कड," हे हळूच म्हणाले. "लागतेय असं नाही म्हणणार. पण आठवतेय. आईच्या चुलीवरची." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. त्या पानावरचा रकाना पुरला नाही. मागच्या बाजूलाही लिहावं लागलं.

अर्धा मग संपल्यावर मला एकदम भान आलं. पोटात अन्नाचा कण नाही, डोकं हलकं झालेलं, आणि मी रडायलाच लागले. "माझा नवस मोडला हो! सातू प्यायले मी! अजून चंद्रही उगवला नाही!"

"कसला नवस?"

"सांगायचा नसतो."

ह्यांनी घड्याळ बघितलं. ह्यांचं मनगटावरचं घड्याळ प्रवासातही सिंगापूरच्याच वेळेवर असतं, शिपयार्डाची सवय. "सिंगापूरचा चंद्रोदय किती वाजता?"

मी पर्समधून गुरुजींची चिठ्ठी काढली. "नऊ एकावन्न."

"तिकडे आत्ता सव्वादहा झालेत. पहिला घोट घेतलास तेव्हा दहा वाजले होते."

"पण आपण जर्मनीत आहोत!"

"देव्हारा कुठे आहे? बिशानला. मग वेळ बिशानची." आणि ह्यांनी सरळ फोन लावला. "क्षिप्रा, कॉरिडॉरमध्ये जा आणि चंद्र दिसतो का बघ."

तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा, यू ओके ऑर नॉट? यू ड्रंक, इज इट?"

"मी नाही. तुझी आई."

पलीकडे चपलांचा आवाज, दाराचा आवाज. "ओके, गॉट मून. अबव्ह द कारपार्क. व्हेरी नाइस वन."

मी तिथेच, त्या बाकावर बसून, सिंगापूरच्या दिशेने हात जोडले. दिशा कुठली होती देव जाणे. वाढणारी बाई थांबून बघत होती, तिने आपल्या छातीवर क्रूस काढला. मग ह्यांनी मला खाऱ्या पावाची मोठी गाठ आणून दिली आणि मी ती मुळ्याबरोबर सबंध खाल्ली. बिअरने उपवास सोडणारी आमच्या घराण्यात मी पहिलीच.

एप्रिलमध्ये वर्ष पुरं झालं. परत तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी मान हलवली. गाडीत बसल्यावर मला हुंदका आवरला नाही, तर ह्यांनीच माझा हात धरला आणि म्हणाले, "घरी चल. जेवू."

तोवर आमची एक रीत पडली होती. पहिला घास मी घ्यायचा आणि सांगायचं. मग हे जेवायचे. सुरुवातीला मला वेड्यासारखं वाटायचं, नुसतं 'बरं झालंय' म्हणून सुटायचे, पण हे सोडायचे नाहीत. बरं म्हणजे काय? कुठे बरं, जिभेच्या टोकाला की मागे? क्षिप्रा तोंडावर हात ठेवून हसायची. पण मी शिकले. सत्तावीस वर्षं रांधत होते, चव घेऊन जेवायला मी पहिल्यांदा तेव्हा शिकले. ह्यांच्या अंगावर थोडं मांस चढलं.

मे महिन्यात एका दुपारी बहिणीचा पुण्याहून फोन आला, बोलता बोलताच मी फोडणी केली. पानं वाढली.

"सांग," हे म्हणाले.

मी आमटीचा घास घेतला. "चिंच पुढे आहे. गूळ तिच्या मागे येतो. मसाला आहे, दगडफुलाचा वास चांगला उतरलाय." मी थांबले. काहीतरी खटकत होतं. "पण गिळल्यावर मागे काही राहत नाही. नेहमी घशापाशी काहीतरी रेंगाळतं ना, तसं आज नाही. एकदम संपून जाते."

ह्यांचा घास अजून ताटातच होता, नुसतं माझं सांगणं ऐकत होते. ह्यांनी नाक वर केलं, ते जुनं, उद्धट नाक.

"हिंग घातला नाहीस," हे म्हणाले.

मी उठून आत गेले. हिंगाची डबी फळीवर होती, झाकण घट्ट लावलेलं. सकाळपासून कुणी हात लावला नव्हता.

बाहेरून ह्यांचा आवाज येत होता. "एवढी वर्षं आमटी करतेस आणि हिंग विसरतेस? ही आमटी आहे का? फोनवर बोलत फोडण्या केल्या की असंच होणार! आणि चिंच पुढे म्हणजे काय? चिंच पुढे असताच कामा नये!"

मी डबी छातीशी धरून ऐकत उभी राहिले. सगळं ऐकून घेतलं. मग पदराने तोंड पुसून बाहेर आले.

"अहो, जेवण झालं की दोन नारळ आणा."

"नारळ कशाला?"

"मोदकांना. एकवीस करायचेत."

"आज काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही आमटीला नावं ठेवलीत."